नावानिशी

"कुणाची आई आहे रे ही?"

"कुणाचीच नाय. प्रत्येक मॅचला येते."

माझ्या खुर्चीमागे दोन लाइन्समन बुटांच्या नाड्या बांधता बांधता बोलत होते. मी वळून बघितलं नाही, पण कुणाबद्दल बोलतायत ते कळत होतं. परळच्या त्या मैदानावर बायकांच्या दुसऱ्या डिव्हिजनची मॅच होती आणि बघायला आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दोन-तीन मुलींचे भाऊ, मोबाइलमध्ये डोकं घातलेला कुणाचा तरी मित्र, भिंतीच्या सावलीत झोपलेला एक टॅक्सीवाला. आणि या सगळ्यांत फिकट निळ्या साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली, छत्री काठीसारखी धरलेली सत्तरीची एक बाई. वॉर्म-अप करणाऱ्या मुलींमधून ती फिरत होती. एकेकीसमोर थांबायची, काहीतरी विचारायची, मान हलवायची, पुढच्या मुलीकडे जायची. हॉस्पिटलात सकाळी राउंड घेतात तसं.

दोन्ही टीम झाल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"तुझं नाव काय गो?"

"इरा."

"पुढे?"

"सामंत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मॅच संपल्यावर मी कागद गोळा करून निघाले तेव्हा मागून हाक आली, "इरा, पेन राहिलं तुझं." ती ओरडून मारलेली हाक नव्हती. साधाच आवाज, पण मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत सरळ आला. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. असोसिएशनच्या ऑफिसातर्फे मी चार महिने त्या टेबलावर बसत होते. खेळाडूंची कार्डं तपासायची, टीमची यादी भरायची, गोल कुणी केला ते लिहायचं. तोवर मला सगळे "ओ मॅडम" नाहीतर नुसतं "टेबल" म्हणायचे.

त्यांचं नाव प्रमिला तावडे. लालबागमध्ये मात्र त्या नावाने विचारत गेलात तर घर सापडणार नाही. त्या तावडे सिस्टर. चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स, लग्न केलं नाही, चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, माझ्या डोक्यात सिस्टर म्हणजे नन. घरी मी सांगितलं, की ग्राउंडवर एक सिस्टर येतात, तर आईने विचारलं, "फुटबॉल बघायला? त्यांना सोडतात?"

आता त्या कुठल्याच मैदानावर दिसत नाहीत. त्यात माझा वाटा आहे. तो किती, हे ठरवायचं टाळत मी बरेच दिवस काढले.

मैदानं हिंडायचा त्यांचा छंद निवृत्तीनंतरचा. त्याआधी फुटबॉलशी संबंध एवढाच, की पाय मोडलेली पोरं वॉर्डात यायची. एकदा संध्याकाळी फिरताना त्यांनी मैदानात मुली खेळताना पाहिल्या आणि कठड्यापाशी थांबल्या. तेवढ्यात एक मुलगी पडली, घोटा धरून. रेफ्री ओरडला, "नऊ नंबर पडली." कोच ओरडला, "नऊ नंबरला बाहेर घ्या." सिस्टर कठडा ओलांडून आत गेल्या.

"नऊ नंबर म्हणजे काय गो?" हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या प्रसंगाला दहा-बारा वर्षं झाली होती, पण राग ताजा होता. "वॉर्ड आहे काय? वॉर्डातसुद्धा मी कुणाला बेड नंबरने बोलवू दिलं नाही. नवीन पोरी यायच्या, म्हणायच्या अठराला सलाइन लावलं. मी म्हणायची, अठराला नाही, शांताराम गुरवला लावलंस. त्या पोरीला मी विचारलं, तुझं नाव काय? ती रडायची थांबली. सांगायचं तर रडायचं थांबावंच लागतं ना."

तेव्हापासून त्या जात राहिल्या. परळ, नायगाव, माहीम, वरळी, वडाळा, कधी पार कुलाब्याकडे. बायकांच्या मॅच, पुरुषांची तिसरी डिव्हिजन, ऑफिसांच्या टीम, जिथे बघायला कुणी नसतं ते सगळं. मोठी मॅच कधीच नाही. टीव्हीवरची तर नाहीच. "त्यांना हाका मारायला लाखो माणसं आहेत," म्हणायच्या.

मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचायचं, ते त्यांच्या भाषेत "ड्युटीवर येणं". मग राउंड. बावीस मुलींची नावं, शिवाय बाकावर बसलेल्यांची. कुठेही लिहून घेत नसत, एकदा ऐकलं की बसलं. हरणाऱ्या टीमच्या गोलमागे उभं राहायचं आणि पारडं फिरलं की आपणही बाजू बदलायची. गोल झाल्यावर टाळ्या नाहीत. कुणी पडलं, कुणाचा सोपा बॉल चुकला, कुणाला कोचने सगळ्यांसमोर झापलं, की त्या नावाने हाक मारायच्या. नुसतं नाव. "शुभांगी." बास. ती मुलगी एकदा तिकडे बघायची आणि पुढे पळायची.

तिसऱ्या डिव्हिजनच्या एका मॅचमध्ये त्यांनी गोलकीपरला अशीच हाक मारली, "संतोष." दोन गोल खाल्ले होते बिचाऱ्याने. तो दचकून वळला आणि गोल सोडून धावत आला. "काय झालं? घरी काय झालं?" सिस्टर म्हणाल्या, "काही नाही रे, खेळ." तेवढ्यात तिसरा गोल झाला. पुढे तो जिथे भेटेल तिथे त्यांना वाकून नमस्कार करायचा आणि टीममधली पोरं त्याला म्हणायची, "संत्या, आई आली बघ."

मुलींना खायला काही आणत नसत. मी एकदा विचारलं, चिक्की वगैरे आणावी का? त्या म्हणाल्या, "खायला दिलं की उपकार होतात. नाव घेतलं की होत नाहीत."

मैदानांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. कुत्र्यांचं मैदान, देवळामागचं मैदान, एक नुसतंच "उतार". मैदान चांगलं की वाईट ते ठरायचं संडासावरून. नव्या मैदानावर त्या आधी तिथे जायच्या, कडी लागते का बघायच्या, पाणी बघायच्या आणि मग येऊन मुलींना सांगायच्या, "डावीकडचा बरा आहे. उजवीकडे जाऊ नका." हे काम आपलं आहे, असं असोसिएशनमध्ये कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. मी घरून निघताना पाणीच पीत नसे.

हळूहळू मी त्यांच्याबरोबर, टेबलाची ड्युटी नसलेल्या मैदानांवरही जायला लागले. मला फारसं बोलता येत नाही आणि त्यांना त्याची अडचण नव्हती. एका रविवारी आम्ही माहीमला गेलो. मॅच रद्द झालेली, कुणी कळवलं नव्हतं. मैदानात एक माणूस मोटरसायकल शिकत होता. मला वाटलं, परत जाऊ. सिस्टर कठड्यावर बसल्या, थर्मास काढला. पाऊण तास आम्ही त्या रिकाम्या मैदानाकडे बघत बसलो. वॉचमन येऊन म्हणाला, "आज मॅच नाय, आजी."

"माहीत आहे."

"मग?"

"ड्युटी लागली ना," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांनी बोलायला सुरुवात केली. रात्रपाळीत काही माणसं जायची, नातेवाईक कुणी नसायचं. तेव्हा कागदावर असलेलं नाव त्या एकदा मोठ्याने वाचायच्या, चादर ओढायच्या आधी. "आपण चुकीच्या माणसावर चादर घालत नाही ना, ते बघायला," असं म्हणाल्या, पण मला ते खरं कारण वाटलं नाही.

नावांच्या बाबतीत मीही त्यांच्याकडून मार खाल्लेला आहे. पुढच्या सीझनच्या सुरुवातीला एकदा माइकवर टीमची यादी वाचायची पाळी माझ्यावर आली. यादी इंग्रजीत. वरळीच्या टीमची एक मुलगी, तिचं आडनाव मी "घडी" वाचलं. मनाली घडी. दोन्ही टीम हसल्या. मी माइक खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. पुढची नावं रेफ्रीने वाचली. सिस्टर टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "घाडी गो. घडी कपड्यांची." मनाली स्वतः पळत आली आणि म्हणाली, "ताई, चालेल मला. इस्त्री करून ठेवा." उंच, सावळी, बीडीडी चाळीतली मुलगी, डाव्या भुवईत जुन्या टाक्याची रेघ. तो चेहरा आणि ते नाव मी विसरणं शक्यच नव्हतं. हे सांगायचं कारण पुढे येतं.

वरळीची ती टीम वर्षभरात बंद पडली. जो माणूस चालवायचा तो निघून गेला, आणि खेळाडूंना दुसरीकडे खेळायला त्याचं सोडपत्र लागतं, ते मिळेना. मनाली एक पूर्ण सीझन बाहेर बसली. तिने खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसाठी अर्ज केला होता. वयाची अट जवळ येत होती आणि खेळल्याचा ताजा दाखला हवा होता.

मग ती मॅच आली. नायगावची टीम, जिंकली तर पहिल्या डिव्हिजनमध्ये जाणार. त्यांचे कोच जाधव सर कार्डांचा गठ्ठा घेऊन टेबलावर आले. मी कार्ड बघायचं, समोरचा चेहरा बघायचा, यादीत खूण करायची. सातवं कार्ड ऋतुजा मोरे. समोर मनाली घाडी उभी होती. केस वेगळे बांधलेले, नजर जमिनीवर. मी वर बघितलं. जाधव सर वाकून म्हणाले, "मॅडम, ऋतुजाची परीक्षा आहे. अ‍ॅडजस्ट करा ना. पोरीची नोकरी अडकलीय. एक मॅच."

दुसऱ्याच्या कार्डावर खेळणं हे खालच्या डिव्हिजनमध्ये होतं, सगळ्यांना माहीत असतं. नायगावने ते केलं म्हणून मी त्यांना फार मोठे गुन्हेगार समजले नाही. आणि एका मॅचने तिला दाखला कसा मिळणार होता, तेही मी विचारलं नाही. मी खूण केली. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

त्या दिवशी सिस्टरना उशीर झाला. लालबागला रस्ता खणलेला, बस अडकली. त्या आल्या तेव्हा मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. म्हणजे राउंड झाला नव्हता. एरवी राउंडमध्ये कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलंच असतं. त्यांना पाहिल्याबरोबर माझ्या मनात आलं, की या तिला हाक मारतील.

मनाली तेव्हा पलीकडच्या गोलच्या बाजूला खेळत होती. पहिल्या हाफमध्ये काही झालं नाही. हाफ टाइमला मी उठले. टेबलापासून सिस्टरपर्यंत पंचवीसेक पावलं होती. "आज सात नंबरला नावाने हाक मारू नका," एवढंच सांगायचं होतं. मी निम्म्यावर गेले. सिस्टरच्या बाजूला विरुद्ध टीमचा मॅनेजर चहा पीत उभा होता. त्याने विचारलं, "काय मॅडम, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. वळले, नळावर गेले, हात धुतले. ते स्वच्छच होते. शिट्टी वाजेपर्यंत धूत राहिले.

दुसऱ्या हाफमध्ये बाजू बदलल्या. नायगाव एका गोलने पुढे. शेवटची पाचसात मिनिटं असतील, मनाली एकटी गोलसमोर आली. गोलकीपर पडलेली होती, नुसतं ढकलायचं होतं. तिने बारवरून मारला. गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आणि सिस्टरनी हाक मारली.

"मनाली." मग जरा थांबून, "ऊठ बाय. मनाली."

एरवी त्या एकदाच नाव घ्यायच्या.

विरुद्ध टीमचा मॅनेजर अजून तिथेच उभा होता. "मनाली कोण? ए, यादी दाखव." तो माझ्याकडे आला तेव्हा यादी माझ्याच हातात होती. त्याने बोट फिरवत नावं वाचली. मनाली कुणीच नव्हतं.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. तक्रार, मॅच रद्द, नायगावचे गुण काढून घेतले, सुनावणीची तारीख. मैदानातच जाधव सर सिस्टरसमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, आमचं वाटोळं केलंत तुम्ही." सिस्टरना काय झालं ते तेव्हा कळलं. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मनाली त्यांच्या बाजूने गेली, थांबली नाही.

सुनावणी ऑफिसात होती. समितीचे तिघं, दोन्ही टीमची माणसं, मनाली, आणि नोंदी घ्यायला मी. मला एकच प्रश्न आला, कार्ड तपासलं होतं का? मी म्हणाले, "फोटो जुना होता, सर." अध्यक्षांनी मान हलवली. तेवढ्यात दारात सिस्टर आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीची पांढरी साडी नेसल्या होत्या, तीच त्यांची युनिफॉर्मची असावी.

"मला सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी चुकले. मी मनाली म्हटलं, पण ती मनाली नव्हती. माझं वय झालं. मला आता नावं लक्षात राहत नाहीत. ती ती... ऋतुजा होती."

जाधव सर छताकडे बघत होते. चौतीस वर्षं वॉर्डात आणि त्यानंतर शंभर मैदानांवर एकही नाव न चुकलेली बाई उभी राहून सांगत होती, की मला आठवत नाही. मी ते इंग्रजीत लिहीत होते.

"काय लिहिलंस गो?" त्यांनी विचारलं. "वाचून दाखव."

मी मराठीत सांगितलं, "वयामुळे तुम्हाला विसरायला होतं, असं."

"हां. बरोबर. तसंच राहू दे."

मग मॅनेजरने मोबाइल काढला. वरळीच्या टीमच्या दोन वर्षांपूर्वीच्या मॅचचा व्हिडिओ. त्यात मनाली, भुवईच्या रेघेसकट, कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. अध्यक्षांनी तो फोन सगळ्यांना दाखवला आणि सिस्टरकडे वळून चांगल्या मनाने म्हणाले, "आजी, जाऊ द्या. बरोबर नाव आठवलं होतं, मग पुन्हा चुकलं. होतं या वयात." मला म्हणाले, "लिहा. त्यांच्या सांगण्यावर विसंबता येत नाही." मी लिहिलं.

मनालीवर दोन वर्षांची बंदी आली. तेवढ्यात तिचं नोकरीचं वय उलटलं.

जिना उतरताना सिस्टर कठड्याला धरून मधेच थांबल्या. "इतकी वर्षं नावं बरोबर घेतली," म्हणाल्या. "एकदा चुकीचं घेऊन बघितलं, तेही जमलं नाही." त्या हसल्या, मीही हसण्यासारखं काहीतरी केलं. दोन पायऱ्या उतरल्यावर पुन्हा थांबल्या. "मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं गो. एवढी माणसं होती."

मी त्यांची पिशवी धरली होती. ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. उतरत राहिले.

त्यानंतर त्या दोन मॅचना आल्या. राउंड घेतला नाही. गोलमागे न जाता माझ्या टेबलाजवळ खुर्चीवर बसल्या. एक मुलगी आपटून पडली तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मग मला हळूच म्हणाल्या, "अकरा नंबरला लागलंय बघ." मैदानातल्या मुली मधूनमधून गोलमागच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या. अर्थात, मला तसं वाटत असेल.

तिसऱ्या मॅचला त्या आल्या नाहीत. चौथ्यालाही नाही. फोन त्यांच्या पुतण्याने उचलला. तो बदलापूरला राहतो, मधूनमधून येऊन त्यांचं बघतो, एवढं मला माहीत होतं. म्हणाला, "आत्याला मी घेऊन चाललोय. शनिवारी दुपारी निघू. भेटायचं असेल तर या."

मी गेले. गॅलरीत दोन बॅगा, एक बांधलेली गादी. आत सिस्टर खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, बूट घालून तयार. शेजारच्या एक बाई दारात उभ्या होत्या. पुतण्या गिझरची वायर गुंडाळत होता. पन्नाशीचा, दमलेला, सभ्य माणूस. मला खुर्ची दिली, पाणी विचारलं.

"तुम्ही ग्राउंडवरच्या ना? तुमच्या ऑफिसातून पत्र आलं ते बरं झालं," तो म्हणाला. "निकालाची कॉपी. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय, मेमरीचा प्रॉब्लेम आहे, स्वतःच कबूल केलं म्हणून. एवढी शिकलेली माणसं लिहितात म्हणजे काहीतरी बघूनच लिहीत असतील. आम्हाला कधी बोलली नाही. आणि ही बसने एकटी कुलाब्यापर्यंत जात होती."

"परवा दूध उतू गेलं त्यांचं," शेजारीण म्हणाली.

"तेच ना. आता तिकडे माणसं असतील घरात. एकटीला बाहेर सोडायचं नाही, असं ठरवलंय आम्ही."

"माका सगळा आठवता," सिस्टर म्हणाल्या. त्यांना असं पूर्ण मालवणीत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सांगण्यात जोर नव्हता, आधी बऱ्याच वेळा सांगून झालेलं असावं.

"हो आत्या, हो." तो त्यांच्यासमोर वाकला आणि लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ही कोण आलीय, सांग बघू?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. नजर जुनीच होती, राउंडमधली. "इरा," त्या म्हणाल्या. "टेबलावरची."

पुतण्या सरळ उभा राहिला. "कधी कधी बरोबर सांगते," तो मला म्हणाला.

सिस्टर खाली बुटांकडे बघायला लागल्या. त्यांनी सुनावणीचं पत्र वाचलेलं असणार, किंवा कुणीतरी वाचून दाखवलं असणार. त्यांना ते कुणाचं अक्षर, कुणाचे शब्द, सगळं माहीत होतं. तरी त्यांनी ते या घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आपण सुनावणीत खोटं बोललो, हेही सांगितलं नव्हतं आणि त्या मुलीसाठी बोललो, हेही नाही. सांगितलं असतं तर कुणी मानलं असतं का कोण जाणे. खालून टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. पुतण्याने एक बॅग उचलली, दुसरी शेजारणीने घेतली आणि म्हणाली, "चला सिस्टर, जिना सांभाळून."

मी दारात उभी होते. माझ्या बाजूने जायला त्यांना वाट हवी होती आणि मी सरकले नाही.

"ते पत्र मी लिहिलंय," मी म्हणाले. "त्यात यांच्याबद्दल आहे ते खोटं आहे. या काही विसरलेल्या नाहीत. त्या दिवशी यांनी बरोबर नाव घेतलं होतं. ती मनाली आहे हे मला मॅचच्या आधीपासून माहीत होतं, आणि मी यांना सांगितलं नाही."